बरडावरचे शनिवार

दिवाळी सरली की अमरावतीत राजापेठेतल्या आमच्या कोपऱ्यावरच्या देवळापाशी दोन बाया गवताच्या पेंढ्या घेऊन बसायला लागतात. दर्शनाला आलेली माणसं एक पेंढी घेतात, शेजारी बांधलेल्या गाईपुढे टाकतात, हात जोडतात आणि गाडीला किक मारून निघून जातात. शिकवणी वर्गाला निघालेल्या पोरापोरींच्या स्कूट्या, भाजीचे हातगाडे, दुकानांची वर जाणारी शटरं, या सगळ्यात त्या पेंढ्यांचा वास कुणाला येत असेल असं वाटत नाही. मला येतो. अर्धवट वाळलेल्या गवताला गोडसर आणि जरासा धुरकट वास असतो, आणि तो नाकात गेला की माझे पाय आपोआप मंद होतात.

तीन दिवसांपूर्वी मी थांबलेच. पेंढीतून एक काडी ओढून काढली. तांबूस, टोकाला काळ्या केसांची वेणी घातल्यासारखी कुसळी होती.

"घ्याची का ताई?" बाईनं विचारलं.

"नाही, बघते फक्त."

"गवतात काय पाहाचं असते," ती शेजारणीला म्हणाली, आणि दोघी हसल्या.

मी काडी पर्समध्ये टाकली आणि कॉलेजला गेले. तीन तास शिकवलं, हजेरी भरली, एका सहकारी बाईंच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका घेतली. दिवसभर कुणाशीच बोलले नसल्यासारखं वाटत राहिलं. असं मला वर्षातून एकदा होतं, याच दिवसांत. त्याला कारण आहे.

बारा-तेरा वर्षांपूर्वी मी असाच एक श्रावण ते कार्तिक बार्शीटाकळीच्या पुढे, एका बरडावर काढला. बरड म्हणजे मुरमाड, उताराची, हलकी जमीन. आमच्या वऱ्हाडात काळ्या मातीला मान. बरडाला कुणी विचारत नाही. पण हे अकरा एकर बरड मालकानं विद्यापीठाला दान दिलेलं होतं. अट एवढीच की तिथं नांगर घालायचा नाही आणि बांधकाम करायचं नाही, गवत जसं आहे तसं राहू द्यायचं. विद्यापीठानं रस्त्याच्या कडेला निळा फलक लावला, त्यावर 'क्षेत्रीय प्रयोगशाळा' असं लिहिलं, आणि तिथं संशोधन करायला एक माणूस हवं म्हणून माझ्या मार्गदर्शक सरांनी मला पाठवलं. मी तेव्हा एकतीस वर्षांची. बरोबरच्या मैत्रिणींची मुलं शाळेत जायला लागली होती. माझी आई मूर्तिजापूरला भावाकडे राहायची आणि फोनवर दर वेळी दोनच प्रश्न विचारायची: जेवलीस का, आणि संपलं का.

जमीन देणाऱ्याचं नाव देवराव. साठी ओलांडलेला, उंच, थोडा वाकलेला माळी माणूस. बरडाला लागूनच त्याचं दीड-दोन एकराचं ओलिताचं वावर होतं. त्यात झेंडू, शेवंती, वांगी, सांभार म्हणजे कोथिंबीर. गावातले सगळे त्याला देवरावभाऊ म्हणत, मी काका म्हणायची. बायको, सुमनबाई, तीन वर्षांपूर्वी गेलेली. एकुलती मुलगी मंगला सुरतला दिलेली. रस्ता डांबरी झाल्यापासून त्या बरडावर प्लॉट पाडणाऱ्यांचा डोळा होता. तरी देवरावकाकांनी ते बायकोच्या नावानं देऊन टाकलं. मंगलानं सह्या केल्या. गावानं वेड्यात काढलं.

का दिलं, हे त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं. सुमनबाई गेल्यावरच्या हिवाळ्यात एका शाळेची सहलीची बस त्यांच्या वावरासमोर बंद पडली. मेकॅनिक येईपर्यंत दोन तास पोरं त्या बरडावर हुंदडली.

"त्या दिवशी बरडाले आवाज आला," काका म्हणाले. "बुढी होती तवा ती गवत कापता कापता बोलत राहे. माह्याशी नाई, अशीच, गवताशी बोले. ती गेली तं सारं गुपचूप झालं. मंग ते पोट्टे आले. मले वाटलं, हे जागा अशा कोनाले देवाव जिथं पोट्टे येत राहतीन."

तर जमीन देण्यामागं हे होतं. निसर्गसंवर्धन, जैवविविधता हे शब्द कार्यक्रमपत्रिकेवर होते. काकांना आवाज हवा होता.

उद्घाटनाला मी हजर होते. श्रावण संपत आलेला, वर ढग, खाली पोटरीपर्यंत आलेलं हिरवं गवत. विद्यापीठाची बस आली, चाळीसेक विद्यार्थी उतरले, फीत कापली, फोटो झाले, पोहे झाले. काकांना दोन शब्द बोलायला सांगितलं तेव्हा ते पांढऱ्या टोपीला हात लावत उभे राहिले आणि म्हणाले, "पोट्टेहो, येत राहा." एवढंच. त्यावर सरांनी माइक घेऊन हसत सांगितलं, "नक्की येणार. दर शनिवारी बस येईल इथं." टाळ्या पडल्या. सर ते मनापासून बोलले असतील. माइक हातात आला की माणसाचं मन थोडं मोठं होतं, आणि खाली ठेवला की पुन्हा आपल्या मापाचं होतं. मला ते तेव्हाही कळत होतं. काकांना नाही. त्यांना कुणी शनिवार सांगितला तर तो शनिवारच असायचा.

माझं काम असं होतं. बरडावर चाळीस ठिकाणी लोखंडी खुंट्या ठोकून एक-एक मीटरचे चौकोन आखलेले. दर पंधरवड्याला त्या प्रत्येक चौकोनात लोखंडी चौकट ठेवायची आणि आत कोणतं गवत किती काड्या, किती उंच, फुलोरा आला की नाही, हे मोजून वहीत उतरवायचं. गुडघे टेकून बसायचं, मान खाली. सकाळी आठला बार्शीटाकळीच्या खोलीतून डबा घेऊन निघायचं, काळीपिवळी जीपमध्ये कोंबून बसायचं, फाट्यावर उतरायचं आणि संध्याकाळी तसंच परत. घरमालकीण तोंडानं चांगली होती, पण तिला माझ्या कामाचं काय ते कधी कळलं नाही. "आज गवत मोजलं का?" असं ती विचारायची, आणि तिच्या नवऱ्याला हसू आवरायचं नाही.

दिवसचे दिवस माझ्या तोंडून गवतांच्या लॅटिन नावांशिवाय काही निघायचं नाही. आणि तेही मी मुद्दाम मोठ्यानं म्हणायची, आवाज असावा म्हणून.

काका रोज सकाळी वावराला पाणी देऊन झालं की यायचे. बांधावर बसायचे, मध्ये यायचे नाहीत. माझं लॅटिन नाव ऐकलं की जरा वेळानं त्यांचं नाव सांगायचे. हा पवन्या. हा शेडा. हे मारवेल, बैलाले लय आवडे. मी वहीत त्या नावांचा एक वेगळा रकाना केला. कुसळीचं नाव आलं की ते थांबायचे. कुसळीचं कुसळ कपड्यात घुसतं, काढता काढता बोटं दुखतात. "आमची बुढी हिले लाडकी म्हने," ते सांगायचे. "म्हने, सोडतच नाई, जाव कुठी हिले टाकून." माझ्या सलवारीच्या काठाला संध्याकाळी पन्नास-साठ लाडक्या चिकटलेल्या असायच्या. खोलीवर बसून त्या एकेक उपसताना मला बरं वाटायचं, हे आज कबूल करते. दिवसभरात माझ्याशी लगट करणारं तेवढंच एक होतं.

पोळ्यानंतरच्या पहिल्या शनिवारी मी फाट्यावर उतरले तर बरडाच्या तोंडाशी कडुलिंबाखाली झाडून-सारवून ठेवलेलं. रांजण भरलेला, वर नवीन पितळी गडवा. टोपल्यात, ओल्या फडक्याखाली उकडलेल्या शेंगा. ताज्या, वाफा निघणाऱ्या. चाळीस जणांना पुरतील एवढ्या.

"बस किती वाजता येते?" काकांनी विचारलं.

मला खरं सांगता आलं असतं. बस येणार नव्हती, तसं काही ठरलेलंच नव्हतं. पण त्यांनी टोपी धुतलेली होती. मी म्हणाले, "आज नाही येणार काका. परीक्षा सुरू झाली मुलांची."

"हां मंग. परीक्षा पयले," ते म्हणाले. "पुढच्या शनवारी येतीन."

आम्ही दोघं शेंगा खात बसलो. दोन माणसं चाळिसांच्या शेंगा किती खाणार. उरलेल्या त्यांनी माझ्या पिशवीत भरल्या, मी त्या घरमालकिणीला दिल्या, आणि तिनं पहिल्यांदा माझ्या गवताबद्दल आदरानं विचारलं.

पुढच्या शनिवारी मी सांगितलं, गणपतीची सुट्टी आहे. त्याच्या पुढच्याला बसचा पट्टा तुटलेला. मग पुन्हा बस. खोटं बोलायची मला सवय नव्हती, त्यामुळे एकदा सांगितलेलं कारण मी विसरायची आणि काकांच्या ते लक्षात राहायचं. "पट्टा आला का त्या बसचा?" असं ते मधल्या बुधवारी विचारायचे. मला क्षणभर कोणती बस ते आठवायचंच नाही.

आज वर्गात उभी असताना मला कधी कधी वाटतं, त्या दोन महिन्यांत मी जेवढी कल्पनाशक्ती वापरली तेवढी पुढं कशातच वापरली नाही. गॅदरिंग, सर आजारी, रस्त्याचं काम. दर शनिवारी नवीन. शुक्रवारी संध्याकाळी खोलीवर कुसळं उपसत मी दुसऱ्या दिवशीचं कारण जुळवायची. आणि काका इकडे जुळवाजुळव करत होते. उतारावरचे धोंडे गडगडवत आणून त्यांनी लिंबाखाली गोल बैठक केली. माझ्या चौकोनांवर कुणाचा पाय पडू नये म्हणून दोन बाजूंना दगड मांडून पाऊलवाट आखली. भादवा संपता संपता एक दिवस मी आले तर बरडाच्या खालच्या अंगाला, पळसाच्या आड, चार बांबू रोवून त्यांना गोणपाट गुंडाळलेलं. आत मातीचं मडकं, झाकण, बाजूला साबणाची वडी.

"पोरी येतीन तं त्याईले आडोसा पायजे," ते दुसरीकडे बघत म्हणाले. "उद्घाटनाच्या दिवशी माह्या ध्यानात आलं. बिचाऱ्या पानीच पेत नव्हत्या."

तो आडोसा कार्तिकापर्यंत मी एकटीच वापरत होते. आत उभी राहिले की गोणपाटाच्या छिद्रांतून ऊन ठिपक्या-ठिपक्यांनी अंगावर पडायचं आणि मला स्वतःची लाज वाटायची.

आश्विनात बरड बदललं. रंग आधी शेंड्यांना चढला. पवन्या तांबडा झाला, शेडा पिवळा, आणि मधून कुसळीचे काळे शेंडे. सकाळी दव एवढं की गुडघ्यापर्यंत सलवार भिजायची. दुपारी तेच गवत कोरडं होऊन वाऱ्यावर कुजबुजायचं. चंडोल सरळ वर चढायचे, उंच जाऊन एका जागी थरथरत गात राहायचे, आणि गाणं संपलं की धोंड्यासारखे खाली. एक दिवस पहिला भोवत्या आला. ससाण्यासारखा हा शिकारी पक्षी हिवाळ्याला दुरून येतो. गवताच्या अगदी वरून, पंख किंचित उचलून, आवाज न करता तो बरडावरून गेला आणि सगळे चंडोल एकदम चिडीचूप झाले. काका आणि मी दोघंही मान वळवत वळवत त्याला पाहत राहिलो. इतकं सुंदर काही पाहिल्यावर कुणाला तरी सांगावंसं वाटतं. आम्ही दोघंच होतो आणि दोघांनीही पाहिलं होतं. सांगायला कुणी नव्हतं.

दिवाळीत मी चार दिवस मूर्तिजापूरला जाऊन आले. परत आले तर काका शेवंतीच्या वाफ्यात उभे. म्हणाले, "मॅडम, सांग बरं, पोरी किती आन् पोरं किती? येतीन त्या शनवारी एकेक फूल देतो म्हनतो पोरीईले. मंगलाले आवडे."

मॅडम म्हणत, पण अरे-तुरेत. ते तसंच चाललं होतं.

का कोण जाणे, त्या दिवशी मला कारण सुचलं नाही. चार दिवस घरात भाऊ-वहिनी आणि त्यांच्या पोरांच्या गोंगाटात राहून माझीच काहीतरी तयारी गळून पडली होती. मी म्हणाले, "काका, कोणी येणार नाहीये."

"या शनवारी नाई?"

"कुठल्याच. तसं काही ठरलेलं नाही. सर कार्यक्रमात बोलायचं म्हणून बोलले. फार तर मार्चमध्ये एकदा येतील."

ते हातातली कात्री उघड-मीट करत राहिले.

"आन् परीक्षा?"

"नव्हती."

"बसचा पट्टा?"

"काका, मी तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..."

"आता काय चांगलं वाटून राहिलं?" ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. मग कात्री मिटून, "मले सांगतलं असतं तं मी शेंगा उकडल्या नसत्या."

ते वाफ्यातून निघून गेले. पुण्याकडच्या माणसाला आमची बोली आडदांड वाटते. पण राग असा सरळ, दोन वाक्यांत देऊन निघून जाणं तिलाच जमतं. मला त्यांनी आरडाओरडा केलेला परवडला असता.

त्यानंतर चार दिवस ते बरडावर आले नाहीत. वावरात दिसायचे, पाठमोरे. मी शेवटच्या मोजणीला लागले होते. चौकोन एक, चौकोन दोन. लॅटिन नाव म्हणायची आणि सवयीनं थांबायची. बांधावरून दुसरं नाव येत नसे. त्या चार दिवसांत मला कळलं की आपण एकटं असणं आणि आपल्यामुळे कुणी एकटं पडणं यात फरक आहे. पहिलं अंगवळणी पडतं. दुसरं पडत नाही. डबा मी लिंबाखाली त्या गोल बैठकीत बसून खायची. चौदा धोंडे होते. मी रोज वेगळ्या धोंड्यावर बसले, म्हणजे धोंडे निदान वापरलेले तरी दिसावेत.

चौथ्या दिवशी संध्याकाळी चाळिसावा चौकोन संपला. पूर्ण हंगाम मोजून झाला होता. वही मिटली, खुंट्या पुसल्या. आता घरी जायचं, आकडे मांडायचे, प्रबंध लिहायचा. जूनमध्ये अकोल्याच्या एका कॉलेजात जागा भरणार होते आणि सर म्हणाले होते, तोवर पदवी हातात आली तर तुझं नक्की.

पाचव्या दिवशी मी सामान आणायला गेले तर रस्त्यावर ट्रॅक्टर उभा होता. मागं रोटाव्हेटर. नांगरापेक्षा वाईट, कारण तो माती वितभर खोल दळून टाकतो. विद्यापीठाला भेट द्यायला कुठलीशी समिती येणार होती. समितीला गवत दिसलं तर जागा पडीक वाटेल, म्हणून कार्यालयातून कुणीतरी फोनवर सांगितलं होतं की ती साफ करून घ्या. मी पोचेपर्यंत ट्रॅक्टर वरच्या अंगानं आत शिरला. आवाजापुढं काही ऐकू येईना. तांबडं गवत त्याच्यापुढं उभं असायचं आणि मागं काळपट मुरूम.

काका वावरातून जवळजवळ पळत आले. हातात प्लास्टिकच्या पिशवीत दानपत्र. ट्रॅक्टरवाला ओळखीचा, गावातलाच. त्यानं इंजिन मंद केलं.

"यात लिवलं हाये, नांगर लावाचा नाई," काका पिशवी वर धरून म्हणाले.

"मले कागद नका दाखवू भाऊ," तो खरंच अवघडून म्हणाला. "मले फोन आला की मी चालू करतो, फोन आला की बंद करतो. तुमी फोन आना."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. पाच दिवसांनी पहिल्यांदा.

मी सरांना फोन लावला. दानपत्रातली अट सांगितली. सर म्हणाले, "ते मला माहीत आहे, पण हे वरून आलंय. आपल्या विभागाच्या हातात नाही. तुझं शेवटचं रीडिंग झालं ना?"

ट्रॅक्टर पुन्हा सुरू झाला होता. मी त्याच्याकडे बघत होते. पहिल्या चौकोनापासून तो पन्नास-साठ पावलं लांब होता.

"नाही सर," मी म्हणाले.

"म्हणजे?"

"माझी चूक झाली. सुरुवातीची मोजणीच चुकली आहे. चौकोनांचे क्रमांक उलटसुलट उतरवले. हे वर्ष धरता येणार नाही. पूर्ण हंगाम परत घ्यावा लागेल, याच चौकोनांत. हे गेले तर काहीच राहणार नाही."

मग सर जे बोलले ते लिहीत नाही. त्यांच्या जागी मीही तेच बोलले असते. निष्काळजी हा त्यातला सगळ्यात सौम्य शब्द. मी 'हो सर, हो सर' म्हणत राहिले. पण सर स्वतःच्या विद्यार्थिनीचं संशोधन बुडू देणारे नव्हते. त्यांनी कुठंतरी फोन केला, तिथून आणखी कुठंतरी गेला, आणि पंधरा-वीस मिनिटांनी ट्रॅक्टरवाल्याचा फोन वाजला. त्यानं इंजिन बंद केलं, आमच्याकडे बघून मान हलवली आणि रोटाव्हेटर उचलून निघून गेला. तोवर जवळजवळ एकरभर गेलं होतं. दहा एकर राहिले. चाळीसही चौकोन राहिले.

धूळ बसायला वेळ लागला. काका दळलेल्या मुरमाच्या कडेला उकिडवे बसले. मी शेजारी बसले.

"खरंच चुकलं का तुह्यं?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"सारं बरोबर होतं?"

"सगळं."

"मंग तू खोटं बोलली."

"हो."

त्यांनी पिशवीची घडी घातली. पुन्हा उलगडली. पुन्हा घातली. "या बखतचं बरं बोलली माय," ते म्हणाले.

अकोल्याची जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. चांगली बाई आहे, पुढं माझी ओळख झाली. मी पुढचा हंगाम पुन्हा मोजला, तोच श्रावण, तेच चौकोन, तीच चौकट. काका बांधावर. विद्यापीठाची बस त्या मार्चमध्ये नाही, पण पुढच्या मार्चमध्ये एकदा आली. एव्हाना गवत वाळून गेलं होतं आणि पोरं मोबाइलमध्ये होती. प्रबंध झाला. यथावकाश अमरावतीला नोकरी लागली.

पण पहिल्या वर्षाची वही मला कुठं लावता आली नाही. चुकलेले म्हणून सांगितलेले आकडे परत बरोबर आहेत असं कसं सांगणार. त्यामुळे त्या हंगामाची नोंद कुठंच नाही. त्या साली कुसळी कधी फुलली, शेडा किती उंच झाला, कुणी शोधू म्हटलं तर सापडणार नाही. दुसरं वर्ष प्रबंधात आहे, ग्रंथालयात आहे, आणि मला ते आठवतसुद्धा नाही. आठवतं ते हे. कदाचित म्हणूनच आठवतं. जे कुठंतरी लिहून ठेवलं ते सांभाळायची जबाबदारी आपली राहत नाही.

आता बरडावर मी वर्षातून एकदा माझ्या कॉलेजच्या मुलींना घेऊन जाते. एसटीनं, पंधरा-वीस जणी. ट्रॅक्टरनं दळलेल्या भागात गाजरगवत आणि तरोटा माजला होता. त्यात आता कडेकडेनं पवन्या परत शिरतोय, वर्षाला चार बोटं, सहा बोटं. मुलींना ती सीमा दाखवली की दोघी-तिघी वाकून बघतात, बाकीच्या फोटो काढतात. त्यांच्या हसण्याचा आवाज उताराखालच्या नाल्यापर्यंत जातो. ऐकायला हवा तो माणूस तिथं नसतो. गुडघे गेल्यावर मंगलानं काकांना सुरतला नेलं, त्याला तीन वर्षं झाली. वावर बटईनं, अर्ध्या वाट्यानं दिलंय.

तीन दिवसांपूर्वी ती काडी पर्समध्ये घेऊन घरी आले आणि संध्याकाळी त्यांना फोन लावला. सणावाराला करते तेवढाच. आवाज बारीक झालाय.

"कसं आहे काका तिकडं?"

"चांगलं हाये. मंगला काई कमी नाई पडू देत. जावईबी चांगला मानूस हाये." मग म्हणाले, "सहाव्या माळ्यावर हाये घर. हवा मस्त येते."

"मग करमतं ना?"

"करमते. टीव्ही हाये. सारं हाये माय. फक्त सकाळी उठून कुठी जाव लागत नाई."

माझ्या खोलीत पंखा फिरत होता. मीही सकाळी उठून कॉलेजला जाते ती जावं लागतं म्हणून. आणि रविवारी उठायची घाई नसते म्हणून मला रविवार आवडत नाहीत, हे त्या क्षणी पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं.

"काका, किती वाजता उठता?"

"पाचलेच डोया उघडते. पडून राहतो. याईची झोपमोड काहून कराव."

"मी उद्या सहाला फोन करते. चहा घेऊन गॅलरीत बसा."

"काई काम होतं का?"

"नाही. काम काही नाही."

"बरं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सहाला केला. सातव्या-आठव्या रिंगला उचलला. मोबाइल टोपीखाली ठेवला होता आणि सापडत नव्हता. अमरावतीत थंडी पडली का, कापूस कुठवर आला, खालच्या रस्त्यावर दूधवाल्याच्या गाड्या किती, असं काहीबाही बोललो. पाच मिनिटं. त्याच्या पुढच्या दिवशी तिसऱ्या रिंगला उचलला.

आज पहिली रिंग पुरी वाजलीसुद्धा नाही.